खंड

येडशीच्या अभयारण्यात वाघ आला आणि आम्हा बायकांचं पहाटेचं फिरणं बंद पडलं. ही २०२४च्या डिसेंबरातली गोष्ट. यवतमाळकडच्या टिपेश्वरच्या जंगलातून निघून, कुणाकुणाची शिवारं, ओढे, हमरस्ते ओलांडत तो गडी शेकडो किलोमीटर चालत आमच्या रामलिंगच्या डोंगरात येऊन राहिला. कॅमेऱ्यात त्याचा फोटो निघाला तरी गावाचा आधी विश्वास बसेना. १९९७ साली जाहीर झालेलं आमचं अभयारण्य ते केवढं, जेमतेम २२ चौरस किलोमीटर. बालाघाटाच्या एका घडीत मावलेलं. त्यात मोर, रानडुकरं आणि देवळापाशी हातातला नारळ हिसकावणारी माकडं. वाघ आमच्यासाठी पुस्तकातलाच. त्याला धरायला बाहेरून पथकं आली, तो काही हाती लागेना. दिवेलागणीला दारं लागू लागली. आमचं फिरणं रामलिंगच्या रस्त्यावरून उठून स्टेशनच्या रस्त्याला आलं, तेही चांगलं उजाडल्यावर.

त्या अंधारातल्या फिरण्याचा पायांना झाला असेल तेवढा उपयोग झाला; खरा फायदा जिभेला व्हायचा. पुढं बघत चालणाऱ्या बाईला शेजारणीचं तोंड दिसत नाही. त्यामुळं घरात, माजघरात, अगदी सख्ख्या बहिणीपाशीही जे निघत नाही ते तिथं निघायचं. "अंगावरून लई जायलंय बाई, दहावा दिवस आहे." "मला तर तीन महिने झाले, कायच नाही." "झोपच येईना. नुसती कूस बदलायची." उजेडात, शेजारून रिक्षा आणि दुधाच्या मोटारसायकली जायला लागल्यावर तेच बोलणं गुडघेदुखीवर आणि सुनांवर येऊन थांबायला लागलं. गुडघ्याबद्दल कुणासमोरही बोलता येतं.

त्याच हिवाळ्यात मला रात्री तीनच्या सुमाराला जाग यायला लागली. आधी छातीत धडधड. मग छातीपासून मानेकडं एक ऊब सरकत जायची, कान तापायचे, डोक्याच्या केसांत घाम फुटायचा आणि बघता बघता पाठ ओली. गोधडी लाथाडायची. पाच मिनिटांनी हुडहुडी भरायची, की तीच गोधडी चाचपडत ओढायची. डिसेंबरात येडशीची थंडी काही कमी नसते. डोंगरावरून वारा उतरतो तो सरळ पत्र्याखाली घुसतो. अशा थंडीत मी उठून खिडकी उघडायची. एकदा आमच्या ह्यांनी अंधारातच विचारलं, "वाघाची भीती वाटायलीय का?" मी हो म्हणाले. तेवढ्या रात्री खरं काय ते सांगत बसण्यापेक्षा वाघ सोपा होता.

खरं काय ते असं आहे. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा एक लहानसा भाग असतो. शरीराचं तापमान सांभाळणं हे त्याच्या कामांपैकी एक. थोडं वरखाली झालं तर तो एरवी दुर्लक्ष करतो. पण इस्ट्रोजेन डळमळायला लागलं की तिथल्या काही पेशी जास्तच चेतवल्या जातात आणि दुर्लक्ष करण्याची ती सवड फार अरुंद होते. अंग अर्ध्या अंशानं तापलं तरी त्याला वाटतं, आग लागली. मग कातडीखालच्या रक्तवाहिन्या फाकतात, घाम सुटतो, काळीज पळायला लागतं. ताप नसतो आणि मनाचा खेळही नसतो. बाईचं शरीर बिनचूक काम करत असतं, फक्त त्याला मिळालेली खबर चुकीची असते.

पाळी जाण्याआधीच्या या काळाला वैद्यकात पेरिमेनोपॉज म्हणतात. आमच्याकडं वेगळं नाव नाही. "जायच्या बेताला आलीय" म्हणतात, जसं काही ती स्टेशनवर बॅग घेऊन उभी आहे. प्रत्यक्षात ती निघते, परत येते, महिनाभर पत्ता नसतो, मग पंधरा दिवसांत दोनदा दार वाजवते. हे चार वर्षं चालतं, काहींचं त्याहून बरंच जास्त. भारतात पाळी जाण्याचं सरासरी वय ४६-४७ धरतात. पाश्चात्त्य देशांत ते ५१च्या आसपास आहे. सुश्रुतानं बाराव्या वर्षापासून पन्नासाव्या वर्षापर्यंतचा काळ सांगून ठेवला होता. म्हणजे त्याचाही अंदाज फार लांब नव्हता. पण तारीख कुणालाच सांगता येत नाही. लागोपाठच्या दोन पाळ्यांमधल्या दिवसांचा फरक सात किंवा त्याहून जास्त होऊ लागला आणि हे वरचेवर घडू लागलं, की सुरुवात झाली समजायचं. साठ दिवसांचे खंड पडू लागले की उत्तरार्ध. आणि सलग बारा महिने काही आलं नाही की मग मागं वळून म्हणायचं, अमुक महिन्यातली ती शेवटची होती. त्या दिवशी मात्र ती शेवटची आहे हे कुणाला माहीत नसतं.

आमच्या मुलखातल्या माणसाला हे खरं तर कळायला हवं. मृगात एक चांगला पाऊस होतो, लोक पेरून मोकळे होतात, आणि मग खंड पडतो. पंधरा दिवस, तीन आठवडे. पिकं माना टाकतात, आणि एका रात्री असा पाऊस येतो की बांध फुटतात. वर्षाच्या शेवटी बेरीज केली तर सरासरी गाठलेली असते. सरासरीवर कोण जगतं? इस्ट्रोजेनचंही तसंच. ते हळूहळू, शहाण्यासारखं कमी होत जातं असं आधी मला वाटायचं. तसं होत नाही. ते एकदम वर उसळतं, कधी विशीतल्यापेक्षाही वर जातं, मग कोसळतं. काही महिन्यांत बीजच सुटत नाही. बीज सुटलं नाही तर प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही, आणि आवर घालणारं ते नसलं की पिशवीचं आतलं अस्तर वाढत राहतं, वाढत राहतं आणि एक दिवस धो धो सुटतं. म्हणून पन्नाशीच्या आधी बाईच्या अंगावरून पोरवयात गेलं नाही एवढं जातं. आणि म्हणून पंचेचाळिशीनंतर या काळासाठी रक्तातले हार्मोन तपासायला पैसे घालण्यात अर्थ नसतो. आज तपासा, एक आकडा. पुढच्या आठवड्यात दुसराच. तपासायचं ते थायरॉईड आणि हिमोग्लोबिन. थायरॉईडची बरीच लक्षणं अशीच असतात, आणि हिमोग्लोबिन सातावर घेऊन शेतात खुरपणाऱ्या बायका आमच्याकडं काही कमी नाहीत. धाप लागते, त्या म्हणतात वय झालं.

गरम वाफा आणि पाळी एवढंच असतं तर निभावून गेलं असतं. आमच्या शाळेतल्या एका बाईंना वर्गात शिकवताना पोरांची नावं आठवेनात. वीस वर्षं ज्या हजेरी न बघता घ्यायच्या. त्यांनी घाबरून कुणाला सांगितलं नाही, त्यांना वाटलं आपल्या सासूसारखं आपलं डोकं जाणार. माझ्या नणंदेचा खांदा असा आखडला की मागं हात नेऊन पोलक्याचा बंद बांधता येईना. खांदा आखडण्याचंही हेच वय. जाऊबाईंना लघवीला जळजळ, वरचेवर, आणि दर वेळी तेच अँटिबायोटिक. खालच्या नाजूक जागेची कातडी कोरडी आणि पातळ होत जाते, त्यामुळं हे होतं, आणि तिथं लावायच्या इस्ट्रोजेनच्या साध्या मलमानं बहुतेकींना उतार पडतो, हे त्यांना कळायला तीन वर्षं लागली. नवऱ्याजवळ जाणं का नकोसं झालंय हे त्यांनी त्या तीन वर्षांत नवऱ्याला सांगितलं नाही, आणि नवऱ्यानं विचारलं नाही. त्यानं स्वतःपुरता काहीतरी अर्थ लावला असणार. पुरुषांच्या त्या स्वतःपुरत्या अर्थांचा हिशेब कुणीतरी कधीतरी मांडायला पाहिजे.

आणि राग. हा राग वेगळा असतो. भांडी घासताना एक वाटी हातातून निसटते आणि वीस वर्षांचं सगळं घशाशी येतं. डॉक्टर म्हणतील हार्मोन. मी म्हणते, हार्मोनचा पडदा मध्येच सरकला म्हणून मागचं दिसलं असेल. दोन्ही खरं असू शकतं.

देवाधर्माच्या बाबतीत तर या खंडानं आमची फार पंचाईत केलीय. तुळजापूर आमच्या जवळ. कोजागिरीच्या पौर्णिमेला चालत जाणाऱ्यांचे लोंढे सोलापूरकडून, पार कर्नाटकातून येतात. येरमाळ्याची येडेश्वरी तर हाकेच्या अंतरावर, चैत्रात तिची यात्रा. बाई चालत जायचं ठरवते ते तारखा मोजून. पण ज्या तारखांना धरबंधच उरलेला नाही त्या मोजणार कशा? मग दुकानातून पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या येतात. चिठ्ठी कुणी मागत नाही, काही विचारत नाही. आता त्या गोळ्या म्हणजे हार्मोनच. गंमत अशी की ज्या बाईला घाम-झोपेसाठी डॉक्टरनं हार्मोन सुचवलं तर "नको बाई, कॅन्सर होतो" म्हणून ती परत येते, तीच नवरात्रात दहा दिवस गोळ्या गिळते, रक्तदाब आहे की नाही, पायाला सूज आहे की नाही हे न बघता. देवीचा यात काही दोष नाही. तिनं कुणाला थांबवल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

ऋषिपंचमी त्याहून अवघड. गणपती बसल्याच्या दुसऱ्या दिवशी आघाड्याच्या काड्यांनी दात घासायचे, बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही. हे व्रत पाळीच्या काळातल्या विटाळाच्या दोषासाठी. पाळी गेली की उद्यापन. आमच्या आजेसासूबाई ते मोठ्या नेमानं करायच्या आणि शेवटी शेवटी विचारायच्या, "आता बैल तर कुणाकडंच नाहीत, ट्रॅक्टरवर पिकलेलं चालतं का गं?" त्यांच्या प्रश्नाला आमच्या घरात अजून कुणी उत्तर दिलेलं नाही. माझ्या मनात वेगळा प्रश्न येतो. जिचं धड संपलेलंही नाही आणि धड चालूही नाही तिनं काय करायचं? उद्यापन करावं तर पुढच्याच महिन्यात परत सुरू. व्रत रचणाऱ्यांनी मधल्या बाईचा विचारच केलेला दिसत नाही. अर्थात दोष कसला आणि फेडायचा कुणी, हे मला आधीपासूनच पटलेलं नाही. पण ऋषीची भाजी मी दरवर्षी करते. ती चवीला फार छान लागते.

या मधल्या काळाचं आमच्या मुलखात एक उत्तर मात्र ठरून गेलेलं आहे, आणि ते देवळात मिळत नाही, दवाखान्यात मिळतं. पिशवी काढायची.

"अंगावरून लई जायलंय" म्हणून गेलेली बाई सोनोग्राफीचा कागद घेऊन येते. त्यावर गाठ असते, किंवा अस्तर जाड झालेलं असतं, किंवा पिशवीला सूज असते. पंचेचाळिशीतल्या निम्म्याअधिक पिशव्यांत काही ना काही असतंच. "लेकरं झालीत ना? मग आता पिशवीचं काय काम? उगाच उद्या कॅन्सर झाला तर?" हे वाक्य मी इतक्या बायकांच्या तोंडून, इतक्या सारख्या शब्दांत ऐकलंय की ते कुठंतरी छापून ठेवलं असावं असं वाटतं. बायकाही पटकन तयार होतात. याचं एक कारण मला बऱ्याच उशिरा उमगलं. आमच्याकडं बहुतेकींचं विशी-पंचविशीत, दोन-तीन लेकरांवर कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं असतं. शरीराच्या प्रश्नाला टाक्यांनी उत्तर द्यायचं हे तिथंच शिकून झालेलं असतं. पिशवी म्हणजे त्याच हिशेबातली दुसरी ओळ.

माझ्या आईची पिशवी चाळिशीच्या आत काढली. कुठं, ते सांगण्यात आता अर्थ नाही. नंतर आईला घामाच्या उकळ्या फुटायच्या, रात्ररात्र ती अंगणात बसायची, दोन-चार वर्षांत पाठीला पोक आलं. ती म्हणायची, ऑपरेशनची गरमी आहे. ती गेल्यावर तिच्या कागदांत डिस्चार्जची चिठ्ठी निघाली. त्यावर लिहिलं होतं, टीएएच आणि बीएसओ. पहिल्याचा अर्थ गर्भाशय काढलं. दुसऱ्याचा अर्थ दोन्ही बीजकोश काढले. आईला फक्त पिशवी म्हणून सांगितलं होतं. बीजकोश काढले की पाळी जायला चार वर्षं लागत नाहीत. संध्याकाळी भूल उतरते तेव्हाच सगळं संपलेलं असतं. हाडं झिजायला लागतात, हृदयाचा धोका वाढतो. आणि बीजकोश ठेवले तरी नुसतं गर्भाशय काढल्यानंही ते पुष्कळदा एक-दोन वर्षं आधीच थकतात. जिला जायची वाट बघायची नव्हती तिला ती वाट एका दिवसात ओलांडायला लावली, एवढंच मी त्या चिठ्ठीवरून समजले.

बीडच्या ऊसतोड बायकांची गोष्ट २०१९ साली सगळ्या देशानं वाचली. आमच्या जिल्ह्यातूनही, कळंब, वाशी, भूम या भागातून, दसरा झाला की टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधीच घेतलेली, एक दिवस गेला की खाडा. अशा कामात दहा-दहा दिवस अंगावरून जाणाऱ्या बाईनं करायचं काय? ना आडोसा, ना पाणी, वर डोक्यावर मोळी. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली, त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. बऱ्याचजणी तिशी-चाळिशीतल्या. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानं राज्यांना सांगितलं की गरज नसलेल्या अशा शस्त्रक्रियांवर देखरेख ठेवणाऱ्या समित्या नेमा. समित्या नेमणं सोपं असतं. खाडा बंद करणं अवघड.

मी असं म्हणत नाही की पिशवी कधीच काढू नये. गाठी मोठ्या असतील, औषधांनी रक्त आटोक्यात येत नसेल, कॅन्सर असेल, तर काढावीच. आमच्यातल्या एकीची काढली आणि ती खरंच सुखी झाली. माझं म्हणणं त्याआधीच्या पायऱ्यांबद्दल आहे. त्या पायऱ्या कुणी दाखवतच नाही. रक्तस्रावाच्या दिवसांपुरत्या घ्यायच्या ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिडच्या गोळ्या आहेत, स्वस्त. गर्भाशयात बसवायचं, थोडं थोडं हार्मोन सोडणारं साधन आहे. त्यानं बहुतेकींचं जाणं खूपच कमी होतं आणि ते काही वर्षं टिकतं. अस्तराचा तुकडा काढून तपासता येतो. आणि कॅन्सरच्या भीतीचं म्हणाल, तर त्या भीतीला सगळ्या जगात सर्वांत ठोस उत्तर मिळालं ते आमच्याच जिल्ह्यात. ही गोष्ट इथल्या फार थोड्यांना ठाऊक आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

बार्शीला नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालय आहे. १९८७ साली तिथं देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. तिच्यात बार्शीबरोबर आमच्याकडचे परंडा, भूम हेही तालुके होते. गावोगाव फिरून नोंदी घेतल्या तेव्हा बायकांत सर्वांत जास्त निघाला तो गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर, आणि तोही फार पुढं गेलेला. मग १९९९पासून, बार्शीचं रुग्णालय, मुंबईचं टाटा आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून आमच्या, त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यात एक मोठा अभ्यास हाती घेतला. ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ बायका. गावांचे ५२ गट पाडले, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ते चार भागांत वाटले. एका भागातल्या बायकांची एचपीव्ही या विषाणूची एकदाच तपासणी, दुसऱ्या भागात पेशींची, तिसऱ्यात व्हिनेगरसारखा द्रव लावून डोळ्यांनी पाहणी, आणि चौथ्या भागात काहीच नाही, नेहमीचं जे काही मिळतं ते. आठ वर्षं त्या सगळ्यांच्या मागावर राहून निष्कर्ष २००९ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आले. एचपीव्हीची एकच तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरनं ३४ बायका दगावल्या. काहीच न झालेल्या गटात ६४. बाकी दोन तपासण्यांनी मृत्यू तसे कमी झाले नाहीत. आज जागतिक आरोग्य संघटना तिशीनंतर पाच ते दहा वर्षांनी एचपीव्ही तपासणी करा असं सांगते, त्यामागच्या पुराव्यांत आमच्या आत्या-मावश्यांचा मोठा वाटा आहे.

आमच्या एका आत्याला त्या तपासणीची गाडी आठवते. "बाया रांगेनं उभ्या होत्या. मला लाज वाटायली म्हणून मी दोनदा परत फिरले. तिसऱ्यांदा नर्सबाईनं हाताला धरून नेलं." तिला आपण कशात होतो हे आजही नीट माहीत नाही. चौथ्या भागातल्या बायकांना तपासणीच मिळाली नाही, यावर पुढं बरीच टीका झाली, आणि ती मला रास्त वाटते. त्या ६४ जणी काही आकडा म्हणून जन्मल्या नव्हत्या. पण मग त्यांच्या मरणातून जे कळलं ते त्यांच्याच जिल्ह्यातल्या लेकी-सुनांना सांगायला नको? ज्या जिल्ह्यानं जगाला दाखवलं की एका साध्या तपासणीनं भीती निम्मी होते, तिथंच "उद्या कॅन्सर झाला तर" म्हणून धडधाकट पिशव्या काढल्या जातात. याचा मला राग येतो. हा हार्मोनचा नाही.

हार्मोनच्या उपचारांभोवतीही कॅन्सरचीच सावली आहे. २००२ साली अमेरिकेतला वुमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह नावाचा मोठा अभ्यास मध्येच थांबवला गेला, कारण हार्मोन घेणाऱ्या बायकांत स्तनाचा कॅन्सर थोडा जास्त दिसला. थोडा म्हणजे वर्षाला १०,००० बायकांमागं साधारण आठ. पण बातमी जगभर धाडकन गेली आणि डॉक्टरांनी हात आखडते घेतले. त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, हे कुणी बातमीत वाचलं नाही. साठीच्या आत, पाळी गेल्याला दहा वर्षं व्हायच्या आत सुरू केलं, स्तनाचा कॅन्सर, रक्ताच्या गुठळ्या, यकृताचा आजार असं काही नसलं, तर बहुतेकींच्या बाबतीत फायदा धोक्याहून मोठा असतो, असं आता मानतात. २०२५च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या औषध प्रशासनानं या औषधांवरचा ठळक इशारा काढायचंही ठरवलं. मी स्वतः घेते, कातडीला लावायचं, आणि ज्यांची पिशवी जागेवर आहे त्यांना लागते तशी जोडीला प्रोजेस्टेरॉनची गोळी. झोप परत आली. सगळ्यांनी घ्यावं असं माझं म्हणणं नाही. माझी नणंद घेत नाही, तिचं नुसत्या व्यायामावर आणि रात्रीचा चहा सोडण्यावर भागलं. आणि वर्षभर बंद होऊन परत थेंबभर जरी दिसलं, तर तिथं मात्र वाट बघायची नाही, आठवड्याच्या आत डॉक्टर गाठायचा. हे एवढं आमच्या फिरणाऱ्या टोळीत आता सगळ्यांना पाठ आहे.

श्रावणातल्या सोमवारी रामलिंगला गर्दी असते. दरीत उतरायचं, ओढ्याला पाणी असलं तर देवळाजवळचा धबधबा पडताना दिसतो. इथंच जटायू रावणाशी लढून पडला, रामानं बाण मारून त्याच्यासाठी पाणी काढलं, अशी कथा आहे; त्याची समाधी दाखवतात. मला तिथं माकडिणी बघत बसायला आवडतं. म्हाताऱ्या, कान फाटलेल्या, आणि पोटाशी पिलू. माकडीण बहुधा जगेल तोवर वीत राहते. बाईचं तसं नाही, आणि हे निसर्गात फार विरळ आहे. काही जातींच्या देवमाशांत आहे. किलर व्हेलची मादी पोरं होणं थांबल्यावरही कित्येक दशकं जगते आणि दुष्काळात कळपाला मासे कुठं मिळतील ते दाखवते. बाईचं असं का, यावर क्रिस्टन हॉक्स या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी टांझानियातल्या हाडझा लोकांत राहून केलेल्या अभ्यासावरून नव्वदच्या दशकात एक तर्क मांडला. तिथल्या म्हाताऱ्या रानात कंद उकरण्यात तरण्यांना मागं टाकायच्या, आणि त्यांनी आणलेल्या अन्नावर नातवंडं जगायची. स्वतःची पोरं थांबली म्हणून पोरींची जगली.

तर्क सगळ्यांना पटलेला नाही. पण दसऱ्यानंतर आमच्या वाड्या-तांड्यांवर या, तुम्हाला पुस्तक उघडावं लागणार नाही. टोळ्या गेलेल्या असतात. घराघरांत एक म्हातारी आणि तीन-चार लेकरं. भाकरी ती करते, शाळेत ती धाडते, ताप आला तर आरोग्य केंद्रात ती नेते. साखर कारखान्याचं सगळं गणित तिच्यावर उभं आहे आणि तिचं नाव कुठल्याच मस्टरवर नाही. ही म्हातारी पन्नाशीची असते. तिचीही पाळी कालपरवा गेलेली असते, किंवा काढलेली असते. तिलाही रात्री घाम फुटत असणार, आणि शेजारी झोपलेलं लेकरू उठू नये म्हणून ती गोधडी हळूच बाजूला करत असणार. तिच्या हाडांचं काय झालंय हे तिचा मणका दबल्यावर कळतं.

हाडांसाठी आणि स्नायूंसाठी वजन उचलायला सांगतात. हे ऐकून आमच्या जाऊबाई हसल्या, "आयुष्यभर काय फुलं उचलली का?" त्यांचं बरोबर आहे, पण उन्हातान्हात रिकाम्या पोटी घागर वाहणं आणि पोटभर प्रथिनं खाऊन उठाबशा काढणं यांत फरक आहे. प्रथिनं म्हटलं की डाळ, अंडी, दूध. आणि सोयाबीन. आमच्या जिल्ह्यात खरिपात जिकडं बघाल तिकडं सोयाबीन. त्यात इस्ट्रोजेनशी थोडीफार सोयरीक सांगणारे घटक असतात. वाफा कमी होतात असं काही अभ्यासांत दिसलं, काहींत नाही दिसलं. प्रथिनं मात्र भरपूर, याबद्दल वाद नाही. आणि अख्खं पीक लातूरच्या आडतीला जातं. मूठभर कुणी खात नाही.

मागच्या खेपेला रास झाली तेव्हा मी पोत्याचं तोंड शिवायच्या आधी दोन पायल्या काढून घेतल्या. भाजून गव्हात मिसळून दळायच्या बेतानं. ह्यांनी विचारलं, "बियाण्याला ठेवायलीस का?"

"खायला."

"कुणाला?"

मी सांगितलं. वाफा, झोप, हाडं, सगळं. खळ्यावर, भर दुपारी, हमाल पोती उचलत असताना. हमालांनी ऐकलं असणार. हे पोत्यावर बसून राहिले, मग म्हणाले, सरकारचा हमीभाव ५,३२८ आणि आडतीला चार हजारच्या वर कुणी बोलत नाही, त्यापरीस आणखी दोन पायल्या काढ. मी चार काढल्या.